जरा दमानं म्हणणारे

दर संक्रांतीला आमच्या शाळेच्या ग्रुपवर तिळगुळापाठोपाठ तोच वाद येतो. १४ जानेवारी हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराचा दिवस. यंदा एकाने लिहिलं, "मोर्चे काढले नसते, जरा दमानं घेतलं असतं, तर बाबासाहेबांचं नाव शांततेत लागलं असतं." खाली अंगठ्यांची रांग.

दमानं? विधिमंडळात ठराव झाला जुलै १९७८ मध्ये. नाव लागलं १९९४ ला, तेही 'मराठवाडा' शब्द तसाच ठेवून. मधल्या काळात दलित वस्त्या जाळल्या. औरंगाबाद शहराचं नाव बदलायची वेळ आली, तेव्हा मात्र ग्रुपवर कुणालाच दम धरवत नव्हता.

मी राहतो अमेरिकेत, अलाबामातल्या बर्मिंगहॅमला. १४ जानेवारीला इथेही इतिहास आहे. १९६३ साली त्याच दिवशी गव्हर्नर जॉर्ज वॉलेसने शपथविधीच्या भाषणात 'गोरे-काळे वेगळे: आज, उद्या आणि कायम' असं ठणकावलं. त्यावर इथल्या गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर पत्रक काढलं: न्यायालयाचे निकाल पाळा, माथी भडकवू नका. तेव्हा एवढं लिहायलाही छाती लागायची. पण एप्रिलमध्ये त्यांच्यातल्याच आठ जणांनी दुसरं पत्रक काढलं, या वेळी कृष्णवर्णीयांसाठी: रस्त्यावर उतरू नका, धीर धरा. शिवाय आंदोलन बाहेरचे लोक चालवतात, अशी तक्रार. बाहेरचे म्हणजे अटलांटाहून आलेले मार्टिन ल्यूथर किंग. त्यांना त्याच दिवशी अटक झाली, आणि कोठडीत वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. त्यात वॉलेसचा उल्लेख ओझरता. खरा राग या सज्जनांवर. कू क्लक्स क्लॅन या हिंसक वर्णद्वेषी संघटनेच्या माणसापेक्षा मवाळ गोरा हाच मोठा अडसर, असं किंग लिहितात.

आमचा ग्रुप तसाच. शिकलेला, सभ्य, दंगलीत कधीच नसलेला. हे मी लिहिलं. वर हेही, की वॉलेसने म्हातारपणी माफी तरी मागितली, आपल्याकडे कुणी मागितली? (इथल्या शाळा अजून गोऱ्या-काळ्यांत कशा विभागल्या गेल्यात, ते लिहिलं नाही. आम्हीही घर डोंगरापलीकडच्या, बहुतांशी गोऱ्या उपनगरातच घेतलं, शाळा बघून.)

उत्तर आलं, "तू बाहेरचा. तिथे बसून शिकवू नकोस."

झोंबलं. किंग यांनी हाच शेरा खोडलाय, तो परिच्छेद चिकटवायला घेतलाही. पण ते कोठडीतून लिहीत होते, मी सोफ्यावरून. आणि इथल्या शेजाऱ्यांत असला विषय निघाला की मी ग्रिलवरचे कॉर्न उलटत राहतो. इतक्या वर्षांत तिथे एकदाही आवाज चढवलेला नाही. चढवावासा वाटतो तो त्या ग्रुपवरच, जिथे माझं मत आता कुणी मोजत नाही.

परिच्छेद शेवटी चिकटवलाच.