सदोमच्या चित्राखालची चार विधाने

बायबलमधील सदोम या नगरावर कोसळणाऱ्या आगीच्या चित्राखाली चार विधाने लिहिलेला एक संदेश मराठी कॅथलिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत अधूनमधून फिरत असतो. समलिंगी माणसाला ख्रिस्तसभेत (चर्चमध्ये) जागा नाही; त्याला धर्मगुरुपदाचे पाचारण, म्हणजे देवाची हाक, असूच शकत नाही; धर्मगुरूंकडून झालेल्या बालशोषणाचे मूळ समलिंगीच आहेत; आणि मनापासून प्रार्थना केली तर हा कल जातो, असा त्याचा आशय. यांपैकी दुसऱ्या विधानाला काही आधार आहे, म्हणून ते शेवटी घेतो.

आधी चित्र. सदोमचा नाश समलिंगी संबंधांमुळे झाला, असे ते सुचवते. पण बायबलमधील यहेज्केलच्या ग्रंथाच्या १६व्या अध्यायातील ४९वे वचन सदोमचा अपराध स्पष्ट सांगते: गर्व, अन्नाची रेलचेल, निश्चिंत सुखवस्तूपणा आणि दीनदुबळ्यांना हात न देणे. पुढच्या वचनात अमंगळ कर्माचाही उल्लेख आहे हे खरे, पण ते कर्म कोणते हे तेथे सांगितलेले नाही. गरिबाला विन्मुख पाठवणाऱ्या घरांना हे चित्र कोणी पाठवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

‘जागा नाही’ हे तर ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणुकीलाच धरून नाही. कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथाचा, २३५८वा परिच्छेद अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार करावा व अन्याय्य भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी, असे सांगतो. त्याच परिच्छेदात या कलाला ‘विस्कळीत’ म्हटले आहे, आणि ते मला पटत नाही. परंतु बहिष्काराचा आदेश त्यात कोठेही नाही. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू केले, तेव्हा समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानू नये असे मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप, कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे म्हटले होते.

बालशोषणाबाबत अमेरिकेतील बिशपांनीच जॉन जे महाविद्यालयाकडून अभ्यास करवून घेतला. पीडितांपैकी सुमारे ८१ टक्के मुलगे होते, आणि संदेश लिहिणारा याच आकड्यावर थांबतो. २०११च्या अहवालाने मात्र समलिंगी असणे हे शोषणाचे कारण असल्याचा निष्कर्ष नाकारला. धर्मगुरूंचा वावर मुलग्यांमध्ये अधिक होता, ही साधी बाब त्याने लक्षात आणून दिली.

प्रार्थनेने कल बदलण्याचे आश्वासन देणारी ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही अमेरिकी ख्रिस्ती संस्था २०१३मध्ये बंद झाली, आणि तिच्या अध्यक्षांनी झालेल्या दुःखाबद्दल जाहीर माफी मागितली. एवढे पुरे.

आता पाचारण. २००५च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार ‘खोलवर रुजलेला समलिंगी कल’ असलेल्यांना सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) प्रवेश वा धर्मगुरुपदाची दीक्षा देऊ नये; २०१६मध्ये हाच नियम पुन्हा सांगितला गेला. म्हणजे अडसर खरा आहे. पण तो प्रवेश आणि दीक्षा देण्याबाबतचा आहे, दिलेल्या दीक्षेच्या वैधतेचा नाही. वैध दीक्षेसाठी ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम, म्हणजे कॅनन, १०२४ केवळ बाप्तिस्मा झालेला पुरुष असण्याची अट घालतो, त्यामुळे आज वेदीपाशी उभ्या असलेल्या समलिंगी धर्मगुरूची मिस्सा (उपासना) तितकीच खरी असते. शिवाय रोमन (लॅटिन) परंपरेत ब्रह्मचर्याचा नियम समलिंगी नसलेल्या धर्मगुरूंनाही आहे. स्त्रियांविषयीची ओढ बाजूला ठेवून जो दीक्षा घेतो, त्याचे पाचारण खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. जुलै २०१३मध्ये रिओहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस यांनी ‘न्याय करणारा मी कोण?’ असे विचारले, तेव्हा विषय एका धर्मगुरूवरूनच निघाला होता. जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील बिशपांच्या मार्गदर्शिकेने जुना नियम कायम ठेवला, परंतु उमेदवाराची पारख केवळ या एका गोष्टीवर आणून ठेवू नये, असेही बजावले.

या नियमाचा व्यवहारातला परिणाम काय होतो, ते पाहावे. जो तरुण आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकापुढे बसून स्वतःविषयी खरे बोलतो, त्याला माघारी फिरण्यास सुचवले जाते, आणि जो वर्षानुवर्षे गप्प राहतो तो दीक्षेपर्यंत पोहोचतो. दीक्षेसाठी आपला कल लपवणे हा गंभीर अप्रामाणिकपणा होय, असे वाक्य २००५च्या त्याच सूचनेत आहे.