‘आता भाषेला शिक्षक कशाला?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेला आठवडाभर एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मथळा आहे ‘भाषेच्या क्लासचे दिवस संपले’ आणि खाली पाच मुद्दे. एआयशी रोज गप्पा मारा, तीस दिवसांत कुठलीही भाषा अस्खलित बोलाल. एआय शिक्षकाच्या दुप्पट चांगलं शिकवतं हे हार्वर्डने सिद्ध केलंय. ते तुमची प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतं, त्यामुळे व्याकरण शिकायची गरजच नाही. त्याला तुमचं बोलणं कळलं, म्हणजे तुमचा उच्चार बरोबर. आणि ते कधी हसत नाही की वैतागत नाही.

मला हा मेसेज तीनदा आला, तिन्ही वेळा मी तो सोडून दिला. चौथ्यांदा तो भाचीने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, मी क्लास बंद केला.’ ती जर्मन शिकतेय. बी-१ ची, म्हणजे भाषेच्या सहा पातळ्यांपैकी तिसरीची, परीक्षा तीन महिन्यांवर आलीय. आता गप्प बसवत नाही. (मी जर्मन शिकवत नाही. क्लासात बसून शिकले आणि आता त्या भाषेतून भाषांतरं करते. तेव्हा कुणाची फी बुडतेय म्हणून हे लिहितेय असं कुणी समजू नये.)

तीस दिवसांचं आधी उरकून टाकते. अमेरिकेची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट ही संस्था तिथल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवते. तिचा अंदाज असा की इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामकाजापुरती भाषा यायला स्पॅनिशसारख्या जवळच्या भाषेत सुमारे ६०० ते ७५० तास लागतात, जपानी किंवा अरबीत २,२०० तास. हे फक्त वर्गातले तास, घरचा अभ्यास वेगळा. शिवाय शिकणारी माणसं पूर्णवेळ तेवढंच काम करणारी. तीस दिवस रोज दहा तास बसलात तरी तीनशेच होतात.

हार्वर्डचा मुद्दा जास्त खोडसाळ आहे, कारण त्यात खऱ्याचा अंश आहे. तिथे २०२३ साली खरोखरच एक प्रयोग झाला आणि एआयकडून शिकलेल्या मुलांची प्रगती वर्गात शिकलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. पण विषय होता भौतिकशास्त्र! १९४ विद्यार्थी आणि दोन धडे, पृष्ठताण आणि द्रवांचा प्रवाह. भाषेचा त्यात संबंध नाही. ते एआयही आपण मोबाइलवर उघडतो तसलं मोकळं सोडलेलं नव्हतं. शिक्षकांनीच ते त्या धड्यांसाठी घडवलं होतं, उत्तरांच्या पायऱ्या आधीच लिहून दिल्या होत्या आणि एका वेळी एकच पायरी सांगायची असं त्याला बजावलं होतं. शिक्षकांनी इतकं राबून केलेला प्रयोग ‘शिक्षक नको’ म्हणून फिरवायचा, याला काय म्हणावं?

आता तिसरा मुद्दा. मला खरा राग याचाच आहे, कारण भाचीचं नुकसान यानेच केलंय. ‘चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, व्याकरण शिकायची गरज नाही.’

रविवारी तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, ‘तू रोज कशी बोलतेस ते दाखव.’ तिला म्हणायचं होतं, मला हे पुस्तक आवडतं. ती म्हणाली, ‘इश गफाले दास बूख.’ (‘इश’ म्हणजे मी.) पडद्यावर लगेच बरोबर वाक्य आलं, ‘दास बूख गफेल्ट मीर’, सोबत ‘छान प्रयत्न’ आणि पुढचा प्रश्न. तिने वाचलं, मान हलवली, पुढे गेली. पाचच मिनिटांत तिला चित्रपटाबद्दल तेच म्हणायचं होतं आणि पुन्हा तेच ‘इश गफाले’. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा मान. मागच्या गप्पा उघडून बघितल्या तर अकरा दिवसांत ती एकच चूक चौदा वेळा झालेली. चौदाही वेळा दुरुस्त केलेली.

मी मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि म्हटलं, ‘मराठीत सांग.’

‘मला पुस्तक आवडतं.’

‘दोन पुस्तकं असली तर?’

‘मला पुस्तकं आवडतात.’

‘क्रियापद कुणामुळे बदललं? तुझ्यामुळे की पुस्तकांमुळे?’

ती गप्प झाली. मीही गप्प बसले. चांगला अर्धा मिनिट गेला असेल. मग ती हळूच म्हणाली, ‘पुस्तकांमुळे. म्हणजे मी कर्ता नाहीच. मी “मला” आहे.’ आणि तिचं तिनेच म्हटलं, ‘दी ब्युशर गफालन मीर.’

मराठीचा ‘मला’ आणि जर्मनचा ‘मीर’ इथे जुळी भावंडं आहेत. ती मनात इंग्रजीवरून जात होती, ‘आय लाइक’वरून, म्हणून दर वेळी त्याच खड्ड्यात पडत होती. हे एआयला माहीत नाही असं मी म्हणत नाही. विचारलं असतं तर त्याने व्यवस्थित समजावलं असतं. पण काय विचारायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. आपली चूक कुठून येते हे शिकणाऱ्याला दिसत असतं, तर तो शिकायला आलाच नसता.

आणि हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. कॅनडात रॉय लिस्टर आणि लैला रांटा या दोन अभ्यासकांनी फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या प्राथमिक वर्गांचं तासन्‌तास ध्वनिमुद्रण करून हेच तपासलं. त्यांचा लेख १९९७ साली प्रसिद्ध झाला. मूल चुकलं की शिक्षक काय करतात आणि त्यावर मूल काय करतं, याची त्यांनी वाक्यावाक्याने नोंद केली. शिक्षकांची सगळ्यात लाडकी पद्धत होती चुकलेलं वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणून दाखवायचं आणि पुढे जायचं. निम्म्याहून जास्त वेळा, ५५ टक्के, हेच. म्हणजे एआय करतं तेच. त्याची मुलांनी काहीतरी दखल घेतली ती ३१ टक्के वेळा. चूक प्रत्यक्ष सुधारली १८ टक्के वेळा, तीही शिक्षकाचं म्हणणं परत म्हणून.

याउलट शिक्षकाने वाक्य अर्धवट म्हणून थांबायचं किंवा ‘हे कसं म्हणशील?’ असं विचारायचं, या पद्धतीला मुलांनी दर वेळी, शंभर टक्के, प्रतिसाद दिला आणि ४६ टक्के वेळा स्वतःची चूक स्वतः सुधारली. तिथल्या तिथे सुधारलं म्हणजे कायमचं आलं असं होत नाही, हे मान्य. पण मूल निदान चुकीपाशी थांबतं.

या आकड्यांत शिक्षकांनाही चपराक आहेच. उत्तर तोंडावर फेकून पुढे पळणारे शिक्षक मीही पाहिलेत. तसल्या शिक्षकाची जागा एआयने घेतली तर फार काही बिघडणार नाही. पण चांगला शिक्षक उत्तर माहीत असून देत नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघत थांबतो. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि समोरचा आता रडकुंडीला आला म्हणून कधी सांगून टाकायचं, हे त्याला तुम्ही माहीत असता म्हणून कळतं. त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत भाषा शिकली जाते. मेसेज नेमकी तीच शांतता काढून टाकायला सांगतोय, आणि वर ते काढणं फायद्यात मोजतोय.

उच्चाराचं थोडक्यात. बोललेलं लिहून घेणारी यंत्रणा नुसता आवाज ऐकत नाही, मागचेपुढचे शब्द बघून अंदाजही बांधते. त्यासाठीच ती घडवलेली असते. जर्मनमध्ये ‘शोन’ म्हणजे आधीच, आणि त्यातला ‘ओ’ जरा वेगळा झाला की शब्दाचा अर्थ होतो ‘सुंदर’. तो वेगळा स्वर मराठीत नाही. ओठांचा चंबू करायचा आणि आतून ‘ए’ म्हणायचा, तेव्हा तो येतो. भाची दोन्हीकडे साधा ‘ओ’ म्हणते, आणि पडद्यावर दर वेळी बरोबर शब्द उमटतो, कारण वाक्यावरून तो ओळखता येतो. उच्चाराला गुण देणारी वेगळी साधनं आहेत, पण मेसेज त्यांच्याबद्दल बोलत नाही. ‘कळलं म्हणजे बरोबर’ हे साफ खोटं आहे.

राहिला हसण्याचा मुद्दा. हा मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. मी शिकत होते तेव्हा एका शिक्षकांनी एका मुलीची चूक वेडावून दाखवली होती. अख्खा वर्ग हसला. ती पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही. तिच्याजवळ तेव्हा रात्री अकरा वाजता न हसता बोलणारं काही असतं, तर ती कदाचित टिकली असती. लाजऱ्या माणसाला तोंड उघडायला अशी जागा मिळते, ही मोठी गोष्ट आहे, आणि भाचीला मी ते बंद कर असं सांगितलेलं नाही. पण बी-१ च्या तोंडी परीक्षेत साधारणपणे समोर दुसरा परीक्षार्थी असतो आणि दोघांनी मिळून एखादा बेत ठरवायचा असतो. तो अडखळतो, मध्येच तोडतो, पुटपुटतो, त्याला तुमचं कळत नाही आणि तो तसं सांगतोही. तुमचं वाक्य संपेपर्यंत निमूट थांबणाऱ्या यंत्रापुढे याची तयारी होत नाही.

भाचीला मी दोन गोष्टी सांगितल्या. क्लासला परत जा. आणि रात्री एआयशी बोलायला बसलीस की पहिलं वाक्य हे लिही : ‘माझी चूक दुरुस्त करू नकोस. चूक आहे एवढंच सांग आणि थांब.’ ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांना बाकीचं काही पटो न पटो, त्यांनी निदान तिसरा मुद्दा चुकीचा आहे एवढं त्याच ग्रुपवर लिहावं.