रिचर्डसनने छापखाना सोडला? मुळीच नाही

अठराव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार आणि मुद्रक सॅम्युअल रिचर्डसन याच्याविषयी एक मजकूर फिरतो : 'लंडनचा अडाणी जुळारी (छपाईसाठी अक्षरे जुळवणारा कामगार). पन्नाशीत छापखान्याला रामराम ठोकला, दोन महिन्यांत एका दमात "पामेला" लिहिली, ती जगातली पहिली कादंबरी ठरली आणि माणूस मालामाल झाला.' यात धड खरे असे फार थोडे आहे.

'पहिली कादंबरी' हे आधी उरकू. 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ चा, 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ ची. 'पामेला' आली नोव्हेंबर १७४० मध्ये.

अडाणी जुळारी? शिक्षण बेताचे, हे खरे. पण १७०६ साली मुद्रकाकडे सात वर्षांच्या उमेदवारीला लागलेल्या या पोराने १७२० च्या सुमारास स्वतःचा छापखाना थाटला. 'पामेला' निघाली तेव्हा तो फ्लीट स्ट्रीटजवळच्या सॉल्सबरी कोर्टातला बडा मालक होता. लिहिण्याचा हातही आधीपासून चालू होता. शिकाऊ उमेदवारांनी कसे वागावे यावर त्याचे पुस्तक निघाले होते. पुढे दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याच्याकडे नमुनापत्रांचे पुस्तक मागितले. मालकाची वाईट नजर पडलेल्या मोलकरणीला बापाने लिहिलेले पत्र त्यात आहे. कादंबरीचे बीज तेच.

दोन महिने? १० नोव्हेंबर १७३९ ते १० जानेवारी १७४० हा हिशोब त्याचाच, पण तो पहिल्या दोन खंडांच्या कच्च्या लेखनाचा. 'एका दमात' मात्र चूक : पुस्तक निघाल्यावरही तो ते सुधारत राहिला, आणि छपाईची रीतच त्याला सोयीची होती. एवढ्या पानांचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, अडकवून ठेवणे तेव्हाच्या छापखान्याला परवडत नसे. फर्मा, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचा संच, छापून झाला की खिळे सोडवून पुन्हा केसमध्ये (खिळ्यांच्या खणांच्या पेटीत) ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. म्हणजे नवी आवृत्ती निघाली की बहुतेक सगळी जुळणी पहिल्यापासून. पुन्हा जुळवायचेच तर दुरुस्तीला वेगळा खर्च कसला? सप्टेंबर १७४१ पर्यंत पाच आवृत्त्या निघाल्या आणि हा गडी नायिकेची भाषा घासतच राहिला, तो थेट मरेपर्यंत.

छापखाना सोडला, ही तर शुद्ध थाप. १७४२ पासून ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाची जर्नल्स (कामकाजाच्या नोंदी) त्याच्याकडे छापायला होती, १७५४ मध्ये तो मुद्रक-विक्रेत्यांच्या स्टेशनर्स कंपनीचा प्रमुख झाला आणि १७६१ मध्ये वारला तेव्हाही धंद्यातच होता. छापखाना त्याच्या कादंबरीतही दिसतो. 'क्लॅरिसा'त (१७४७-४८) अत्याचारानंतर भान हरपलेल्या नायिकेचे कागद येतात. त्यांतल्या एकावर कवितेच्या ओळी समासात तिरक्या, आडव्या-उभ्या विखुरल्या आहेत. खिळ्यांचे पान चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, बाजूंनी पाचरी मारून आवळतात. ओळी काटकोनात असल्या की दाब सारखा बसतो. ओळ तिरकी केली की त्रिकोणी फटी पडतात. त्या नीट भरल्या नाहीत तर खिळे सैल होतात, शाईबरोबर वर उचलले जातात, ओळच विस्कटते. परक्या मुद्रकाने असले पान बहुधा लेखकाच्या तोंडावर परत मारले असते.

मालामाल? 'पामेला'चे दोन-तृतीयांश हक्क त्याने सुमारे २० पौंडांना विकून टाकले होते. त्याच्या घरी पैसा आला तो मुख्यतः छपाईतून. कादंबरीने उलट धंद्यातच घाव घातला. १७५३ मध्ये 'सर चार्ल्स ग्रँडिसन' छापताना पाने बाहेर फुटू नयेत म्हणून त्याने काम वेगवेगळ्या जागांत वाटले, कामगारांना ताकीद दिली. तरी त्यांच्यापैकीच काहींनी लाच घेतली आणि छापील पाने प्रकाशनाआधीच आयर्लंडमधल्या डब्लिनला पोचली. तिथल्या विक्रेत्यांनी स्वस्त आवृत्ती काढली. रिचर्डसनने पत्रक छापून आरडाओरडा केला, पण हाती काही लागले नाही : १७१० चा ब्रिटिश स्वामित्वहक्काचा कायदा आयर्लंडला लागूच नव्हता.