मेश बारीक केली म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक सल्ला मोठ्या हौसेने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : सॉलिड मेकॅनिक्सची, म्हणजे घन वस्तूंवर बल आल्यावर त्यांत काय घडते हे सांगणाऱ्या शास्त्राची, समीकरणे आता संगणक सोडवतो, तेव्हा सिद्धान्तात वेळ घालवू नका; शंका आली तर मेश, म्हणजे गणितासाठी भागाचे संगणकात पाडलेले लहान तुकड्यांचे जाळे, बारीक करा; तीन महिन्यांत एखादे महागडे सॉफ्टवेअर शिकून नोकरीला लागा; या जुन्या विषयात संशोधनासारखे काही उरलेलेही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले हा सल्ला मनावर घेतात, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

समीकरणे संगणक सोडवतो, हे खरेच आहे. मात्र कोणता भाग कसा मांडायचा, आधार कुठे धरायचे आणि एलिमेंट (मेशचे तुकडे) कोणते घ्यायचे, हे वापरणारा ठरवतो. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये 23 ऑगस्ट 1991 रोजी स्लाइपनर ए या समुद्रातून तेल-वायू काढण्याच्या मंचाचा, अनेक पोकळ कोठ्यांचा बनलेला काँक्रीटचा पाया पाण्यात उतरवण्याची चाचणी चालू असताना आतली एक भिंत फुटली आणि तो अख्खा पाया बुडून तळाशी चक्काचूर झाला. माणसे वेळेत बाहेर पडली. आर्थिक नुकसान सुमारे 70 कोटी डॉलरचे झाले. तीन कोठ्या जिथे एकमेकींना भिडतात तिथली फायनाइट एलिमेंट मांडणी (भाग तुकड्यांत विभागून करायच्या हिशेबाची) ढोबळ असल्याने शिअर स्ट्रेस, म्हणजे भिंत कापू पाहणारे दर क्षेत्रफळाचे बल, 47 टक्क्यांनी कमी निघाला होता आणि त्या जागी सळयाही अपुऱ्या पडल्या, असे चौकशीत आढळले. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणाने भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असे दाखवले. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली होती. त्या खोलीवर पाण्याचा दाब सुमारे 650 किलोपास्कल असतो. हा दाब भिंतीच्या दोन आधारांमधील अंतराने गुणून निम्मा केला की आधारापाशी दर मीटर उंचीला किती शिअर बल येईल याचा अंदाज मिळतो, आणि एवढा हिशेब कागदावर दोन ओळींत होतो. संगणकाचा आकडा त्याच्या जवळपासही नसेल तर थांबायचे असते, हे कळण्यासाठीच सिद्धान्त लागतो.

मेश बारीक करण्याचा सल्ला स्लाइपनरच्या बाबतीत उपयोगी पडला असता, पण तो सर्वत्र लागू नाही. आतल्या बाजूला काटकोन असलेला, गोलाई न दिलेला कोपरा घ्या. लवचिकतेच्या सिद्धान्तानुसार तिथे स्ट्रेस अनंत असतो. त्यामुळे मेशचा आकार प्रत्येक वेळी निम्मा करत गेलात तर कोपऱ्यापाशी दिसणारा आकडा दर वेळी साधारण 37 टक्क्यांनी वाढत जातो आणि कुठेही स्थिरावत नाही. सिद्धान्त न शिकलेला माणूस यातलाच एखादा आकडा अहवालात लिहितो. त्या आकड्याच्या भरवशावर भागाची जाडी ठरते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

तीन महिन्यांच्या शिकवणीने पहिली नोकरी मिळू शकते, हे मी नाकारत नाही. पुणे, चाकण, हिंजवडी या पट्ट्यात मेशिंगच्या कामावर सुरुवात करणारी पुष्कळ मुले आहेत. परंतु मेशिंग हेच काम सर्वांत झपाट्याने स्वयंचलित होत आहे. निकाल पाहून ‘हे पटत नाही’ असे कारणासह सांगू शकणाऱ्याला पुढची जबाबदारी मिळते, असे माझे ठाम मत आहे.

संशोधन संपल्याचा दावा फार विचारात घेण्याजोगा नाही. इंग्रज अभियंता ग्रिफिथने भेगांचा ऊर्जेवर आधारित सिद्धान्त 1921 मध्ये मांडला, तरीही भेग कुठे सुरू होईल आणि कशी फाटे फोडत जाईल हे आधीच सांगण्याच्या पद्धतींवर आजही काम चालू आहे. थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेल्या धातूत उरणारे स्ट्रेस हा तर अगदी अलीकडचा प्रश्न आहे.

राहिला महागड्या सॉफ्टवेअरचा मुद्दा. कॅल्क्युलिक्स आणि फेनिक्स ही अशा विश्लेषणाची सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात, आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट पाहता येतात. कॅल्क्युलिक्समध्ये मधोमध भोक असलेली पट्टी ताणून पाहा. जर्मन अभियंता किर्शच्या 1898 च्या उत्तरानुसार भोकाच्या कडेला भोकापासून दूरच्या स्ट्रेसच्या तिप्पट स्ट्रेस यायला हवा. भोकाचा व्यास पट्टीच्या रुंदीच्या निम्मा ठेवलात तर मात्र 4.3 पट येईल. तो तीन का आला नाही, याचे उत्तर आधी कागदावर लिहून काढा आणि मगच पुढचे मॉडेल उघडा.