गोळी सोडायची वाट

मागच्या दिवाळीत सांगलीला गेले होते, तेव्हा फराळाच्या ताटावरच ताईच्या गोळ्यांवरून वाद पेटला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्या डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते बाई, बंद कर एकदाच्या. नामस्मरण कर, मन घट्ट कर." भाचा उसळलाच. "शुगरच्या गोळ्या सोडायला सांगता का कुणाला? डॉक्टरांनी दिल्यात, मग घ्यायच्या." दाजी मधे पडले, चहा आला आणि विषय तिथेच राहिला. ताई चकलीचे बारीक बारीक तुकडे करत गप्प बसली होती. तिला कुणी काही विचारलंच नाही.

तिला विचारून, तिच्या परवानगीने हे लिहिते आहे.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ताईने चार वर्षं चालू असलेली गोळी कुणाला न सांगता बंद केली होती. तिसऱ्या दिवशी चक्कर सुरू झाली. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं, रात्रभर विचित्र स्वप्नं पडायची, भाजी निवडताना मधूनच रडू यायचं. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की आजार उलटला. डॉक्टरांनी पाच मिनिटांत डोस वाढवून दिला. तिची गोळी म्हणजे नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम आणि चिंता शमवणारं क्लोनाझेपाम एकत्र, आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं मिश्रण. म्हणजे तिने एका झटक्यात दोन औषधं सोडली होती. त्यातलं क्लोनाझेपाम बराच काळ घेऊन एकदम बंद केलं तर फिटसुद्धा येऊ शकते. मेडिकलमधून चार वर्षं पट्ट्या आणताना हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहते. इथे सगळं शिस्तीत चालतं असं घरच्यांना वाटतं, म्हणून माझंही सांगते. २०१८ मध्ये मी एस्सिटालोप्राम सोडायचं म्हटलं, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी चार आठवडे दिले. दहा मिलिग्रॅमवरून पाच, मग दिवसाआड पाच, मग बंद. दहाव्या दिवशी बसने वळण घेतलं आणि माझ्या डोळ्यांमागे तोच करंट सरकला. खांब धरून मी दोन स्टॉप आधीच उतरले. परत गेले तर ऐकायला काय मिळालं? आजार उलटला. सांगलीत मराठीत, लीड्समध्ये इंग्रजीत, वाक्य एकच.

त्या डॉक्टरांकडे तेव्हा जे मार्गदर्शन होतं तेच तसं होतं. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २००९ च्या सूचनांत म्हटलं होतं की औषध सोडतानाचा त्रास सहसा सौम्य असतो आणि आठवड्याभरात जातो. ज्यांना महिनोन्महिने त्रास झाला ते रुग्ण बोलत राहिले, लिहीत राहिले, आणि २०१९ मध्ये आधी इथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आणि मग नाइसने भूमिका बदलली. काहींना हा त्रास तीव्र आणि दीर्घ होऊ शकतो हे मान्य झालं. २०२२ पासून तर नाइस सांगते की अशी औषधं सुरू करण्याआधीच ती सोडण्याबद्दलही बोलून घ्या.

हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांचा २०१९ मधला लेख वाचला तेव्हा माझं काय चुकलं ते मला कळलं. सिटालोप्राम हे माझ्या औषधाचं भावंडच. त्याचे वीस मिलिग्रॅम मेंदूत सेरोटोनिन या रसायनाची ने-आण करणारे सुमारे ८० टक्के वाहक व्यापतात. डोस नऊवर आणला तरी ही पकड ७० टक्क्यांच्या आसपास राहते. पण नऊवरून थेट शून्यावर गेलात तर ते सत्तर एकदम सुटतात. जिन्याच्या वरच्या पायऱ्या बुटक्या आणि शेवटची पुरुषभर उंच, असा हा प्रकार. "अर्धी, मग पाव, मग बंद" यातलं ते "मग बंद" सगळ्यात मोठं असतं. दिवसाआड घेणंही चुकीचं, कारण मधल्या दिवशी रक्तातलं औषध निम्म्याच्या जवळ उतरतं आणि मेंदू रोज हेलकावे खातो.

दुसऱ्या वेळी मला थेंबांची बाटली मिळाली. एक थेंब म्हणजे एक मिलिग्रॅम. हिवाळ्यात खिडकीबाहेर अंधार असताना ओट्याशी उभी राहून मी पेल्यात थेंब मोजायची, मराठीत, मोठ्याने. सात, सहा, पाच. त्रास वाढला की त्याच आकड्यावर महिनाभर थांबायची. चौदा महिने लागले, आणि शेवटच्या थेंबापाशी मी सर्वांत जास्त थांबले.

सगळ्यांना एवढा वेळ लागत नाही. २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यात औषध सोडणाऱ्यांपैकी साधारण ३१ टक्क्यांना लक्षणं दिसली, पण खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना दिसली. तीव्र त्रास साधारण पस्तिसात एकाला. आणि भाचाही चूक नव्हता. बरं वाटणाऱ्या, दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांवरच्या इथल्या एका चाचणीत वर्षभरात औषध सोडणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांचं नैराश्य परतलं, चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचं. काहींनी गोळी चालू ठेवणंच शहाणपणाचं आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. म्हणून हे वाचून कुणीही उद्या सकाळी पट्टी फेकून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माझं भांडण आपल्या वादाशी आहे. घ्यावी की घेऊ नये यावर आपण तावातावाने बोलतो, पण सोडायची झाली तर कशी, कुणाच्या देखरेखीखाली, घरात कोण लक्ष ठेवणार, यावर एक शब्द नाही. लीड्समध्ये माझ्याकडे थेंब होते, पण घरी मी एकटी होते. ताईकडे थेंब नाहीत, पण चार माणसं आहेत. त्या चार माणसांना फक्त एक फरक ठाऊक हवा. डोस कमी केल्यावर काही दिवसांतच चक्कर, करंट, मळमळ सुरू झाली आणि डोस पूर्ववत केल्यावर लवकर थांबली, तर तो बहुधा औषध सोडतानाचा त्रास. आजार परततो तो सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर मात्र कुठला त्रास याचा हिशोब करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. भारतात टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही चालू असतो.

दिवाळीनंतर ताई आणि दाजी मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी दोन औषधांच्या गोळ्या वेगळ्या केल्या, कारण एकाच गोळीत असताना एक कमी करायला गेलं की दुसरंही कमी होतं. आता एका वेळी एकच औषध, तेही अगदी थोडं थोडं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशोबाशेजारी ताई डोस लिहिते. त्याखाली दाजींचं अक्षर असतं. परवा व्हिडिओ कॉलवर तिने पान कॅमेऱ्यासमोर धरलं. मंगळवारच्या चौकोनात त्यांनी लिहिलं होतं, "चक्कर दोनदा. डोस तोच ठेवू."