सुंता, एचआयव्ही आणि पुण्याचा विसरलेला अभ्यास

एचआयव्हीच्या संदर्भात सुंतेचा विषय निघाला की आपल्याकडे कुणी धर्माचा मोठेपणा सांगू लागतो, कुणी नाक मुरडतो. संशोधनात काय दिसलं हे ऐकायला कुणीच थांबत नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यातला एक महत्त्वाचा पुरावा आपल्या पुण्यातून आलाय.

गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या, एचआयव्ही नसलेल्या २,२९८ पुरुषांवर संशोधकांनी तिथे लक्ष ठेवलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सुंता झालेल्यांना एचआयव्हीची लागण खूपच कमी झाली होती, पण सिफिलिस आणि गनोरियात तसा फरक नव्हता. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ही माणसं निव्वळ जपून वागत असती, तर बाकीचे रोगही कमी दिसले असते. म्हणजे फरक कातडीतच असणार. सुंतेत काढतात त्या शिश्नाच्या पुढच्या त्वचेच्या आतल्या बाजूला, हा विषाणू ज्या पेशींना धरतो त्या अगदी वरवर असतात.

पक्कं उत्तर आफ्रिकेतून आलं. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म, केनियात किसुमू, युगांडात राकाई. तिन्हीकडे मिळून अकरा हजारांवर पुरुष. कुणाची सुंता आधी, कुणाची नंतर, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. लागण ५० ते ६० टक्क्यांनी घटली. किसुमू आणि राकाईतले प्रयोग डिसेंबर २००६ मध्ये मधेच थांबवले, कारण उरलेल्यांना ताटकळत ठेवणं अन्यायाचं झालं असतं.

पण हे पूर्ण संरक्षण नाही. कंडोम सोडायचा नाही. जखम भरायला सहा आठवडे लागतात, तोवर संबंध टाळायचे. आणि राकाईतच २००९ मध्ये दिसलं की आधीच एचआयव्ही असलेल्या पुरुषाची सुंता केल्याने त्याच्या बायकोचं रक्षण होत नाही. एवढं नीट न सांगता कुणाला टेबलावर घेणं ही मी फसवणूक मानते.

टांझानियात बऱ्याच ख्रिस्ती लोकांना ही मुसलमानांची रीत वाटायची. ओळखीचं वाटतंय ना? तिथे काही गावांत चर्चच्या प्रमुखांना आधी नीट समजावलं. त्या गावांतल्या सुमारे ५३ टक्के पुरुषांनी सुंता करून घेतली, बाकीच्या गावांत ३० टक्क्यांनी. २०२४ मध्ये चीनमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका छोट्या प्रयोगातही आशा दिसली. सुंता झालेल्या गटात एकालाही लागण नाही, दुसऱ्या गटात पाच जणांना.

भारतात लागणीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे आफ्रिकेसारखी सुंतेची सरसकट मोहीम इथे नको, हे मलाही पटतं. पण आफ्रिकेत जिथे तिची गरज आहे तिथेच जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदतीचा पैसा गोठवला. नंतर एचआयव्हीच्या उपचारांना त्यातून सवलत मिळाली, सुंतेला नाही. एकदाच करायची आणि जन्मभर उपयोगी पडणारी ही शस्त्रक्रिया खर्चाला कात्री लावताना पहिली सापडते, हे मला अजिबात मान्य नाही. अमेरिका मागे हटली असेल तर ग्लोबल फंडाने (एचआयव्ही, क्षयरोग आणि मलेरियाशी लढणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीने) आणि तिथल्या सरकारांनी हा खर्च आधी उचलावा.