शेवळांचं शील

पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. 'इकडून', 'स्वारी', 'आमच्याकडे' एवढ्यावर अख्खे संसार व्हायचे. मी नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारते, पण ज्या ॲपवर गेली सहा वर्षं माझी चित्रं टाकते त्याचं नाव मात्र घेत नाही. घेतलं की त्याला कळतं आणि ते आपली पोस्ट दाबतं, असं माझा भाचा सांगतो. खरंखोटं तो जाणे, पण विषाची परीक्षा कशाला घ्या? म्हणून इथं त्याचा उल्लेख 'तिकडे' एवढाच.

मी रानभाज्यांची चित्रं काढते. बदलापुरात राहत असल्यामुळे मॉडेलांची ददात नाही. जूनच्या तोंडावर स्टेशनबाहेर शेवळं येतात, मग टाकळा, फोडशी, भारंगी, आणि पुढे कधीतरी काटेरी अंगाची कर्टोली. प्रत्येकीचं जलरंगातलं चित्र आणि खाली चार ओळी: कशी ओळखायची, कशी निवडायची, कशात घालायची.

तिकडे माझे ११,४०० फॉलोअर आहेत. हा आकडा मी नातेवाइकांत सहज सांगते, म्हणजे विषय निघाला नसला तरी सांगते. जो सांगत नाही तो दुसरा आकडा: माझं एकेक चित्र त्यांतल्या जेमतेम ३५० जणांना दिसतं. म्हणजे आपण लग्नाच्या ११,४०० पत्रिका छापायच्या, पोस्टमननं ३५० वाटायच्या आणि उरलेला गठ्ठा टपरीवर ठेवून चहा प्यायचा. जाब विचारला तर तो म्हणतो, "पत्रिकेत नाच असता तर वाटल्या असत्या." आणि जाता जाता, "थोडे पैसे सोडलेत तर अजून शंभरेक घरं करतो."

हे सगळं अल्गोरिदममुळे, म्हणजे कोणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या तिकडच्या यंत्राच्या हिशेबामुळे होतं म्हणे. घरात हा शब्द इतका झाला की सासूबाईंनी एकदा विचारलंच, "हा अल्गोरिदम कोण मेला? तुझ्या इतका वाईटावर का?" मी समजावून सांगायला गेले आणि माझ्या लक्षात आलं, की मी शनिमहाराजांचंच वर्णन करते आहे. कधी प्रसन्न होईल सांगता येत नाही, कोपला तर कारण कळत नाही, वार आणि वेळ पाळावी लागते आणि उपाय सांगणारे स्वतः फी घेतात. भाच्याच्या मते मंगळवारी संध्याकाळी ७ हा मुहूर्त चांगला. पोस्टमध्ये लिंक द्यायची नाही, कारण माणूस लिंकवरून बाहेर गेलेला तिकडे खपत नाही. लिंक पहिल्या कमेंटमध्ये टाकायची. थोडक्यात, दुकानाची पाटी दुकानाच्या मागच्या भिंतीला लावायची आणि गिऱ्हाइकाला खुणेनं सांगायचं, जरा वळसा घाला.

"आणि मामी, रील करा. पहिल्या ३ सेकंदांत लोक थांबले पाहिजेत."

केलं. शेवळं निवडायच्या आधी हाताला तेल लावावं लागतं, नाहीतर खाज सुटते. तशा तेलकट हातानं फोन धरला. पहिल्या ३ सेकंदांत फोन कढईत गेला. माझ्या मते ते रील चाललं असतं, पण ते कढईतच राहिलं.

असो. मुख्य हकिगत या जूनमधली आहे.

शेवळ ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या पावसाच्या सुमाराला हे सरळ जमिनीतून वर येतं. पान नाही, फांदी नाही, नुसता एक देठ आणि त्याच्या टोकाला तपकिरी-जांभळट आवरणात गुंडाळलेला दांडा. बाजारात येतात त्या मिटलेल्या कोवळ्या जुड्या. मी मात्र हौसेनं जंगलाच्या कडेला जाऊन पूर्ण उमललेलं शेवळ रंगवलं. आवरण गळून पडलेलं, दांडा ताठ, मऊ सावल्या, वर एक पावसाचा थेंब. थेंब मला फार साधला होता. भाच्याच्या सांगण्यावरून खाली शास्त्रीय नावही घातलं, अमॉर्फोफॅलस कॉम्युटेटस, आणि मंगळवारी बरोबर ७ वाजता चित्र तिकडे सोडलं.

७ वाजून ४ मिनिटांनी संदेश आला. माझी पोस्ट काढून टाकण्यात आली आहे. कारण: प्रौढ नग्नता.

मी चष्मा पुसून परत वाचलं. मग नवऱ्याला दाखवलं. नवऱ्यानं आधी संदेश वाचला, मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तू नेमकं काय काढलंस?" लग्नाला २७ वर्षं झाल्यावर माणसानं एवढी शंका घ्यावी? मी चित्र त्याच्यासमोर धरलं. तो बराच वेळ गप्प होता. तेवढ्यात सासूबाई आल्या, त्यांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "शेवळंच आहेत की. जरा जून आहेत."

सासूबाईंना दिसतं ते यंत्राला दिसलं नाही. पण न्यायानं बोलायचं तर दोष सगळा यंत्राचा नाही. अमॉर्फोफॅलस या ग्रीक नावाचा अर्थ वेडंवाकडं पुरुषाचं इंद्रिय असाच होतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनीच बारसं असं केल्यावर यंत्रानं काय करायचं? सुमात्रात याच गोत्रातलं माणसाहून उंच फूल असतं. टीव्हीवर त्याचं नाव घ्यायची पाळी आली तेव्हा निसर्गावरचे कार्यक्रम करणाऱ्या खुद्द डेव्हिड ॲटनबरोंनाही 'टायटन अरम' असं सोज्ज्वळ नाव काढावं लागलं. आणि उपासाला चालणारा आपला सुरणही याच गोत्रातला, हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांची एकादशी मोडायची.

मी दाद मागितली. तिकडे दाद मागायला बटण असतं. ते दाबल्यावर एक अर्ज उघडतो आणि विचारतो, चित्रातील व्यक्ती कोण आहे? पर्याय दोन: 'मी स्वतः' आणि 'दुसरी व्यक्ती'. 'भाजी' हा पर्याय नव्हता. मी 'दुसरी व्यक्ती' निवडलं. त्यावर विचारलं, तिची संमती घेतली आहे का? मी प्रामाणिकपणे 'नाही' म्हटलं. ११ मिनिटांत निकाल माझ्याविरुद्ध लागला आणि खातं ३० दिवसांसाठी गोठवलं. टाकळा आला, फोडशी आली, माझं तोंड बंद.

माझ्या गप्प बसण्यानं तिकडे कोणाचं काही अडलं नाही, हे जास्त लागलं. मग मी रात्री जागून ज्यांची जागाच गेली त्यांच्या कथा वाचत बसले. दुसऱ्याचं दुःख वाचलं की बरं वाटतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, तिथं एकमेकांच्या स्क्रॅपबुकात खरडलेले सगळे खलिते इतिहासजमा झाले. २०१९ मध्ये मायस्पेस नावाच्या तसल्याच एका जुन्या साइटनं कबूल केलं, की सर्व्हर हलवताना लोकांनी वर्षानुवर्षं चढवलेली गाणी गेली. घर बदलताना एखादी बरणी फुटते तसं. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲपं बंद केली, त्यात टिकटॉक होतं. आदल्या दिवशीपर्यंत लाखो चाहते असलेली गावोगावची पोरं दुसऱ्या दिवशी नुसती पोरं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर गेले तर शेवळंवाली मावशी जागेवर नव्हती. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असं उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. त्यामुळे गाडी आली की मावशी टोपली उचलते आणि गाडी गेली की मांडते. आज दिसेना. एवढ्यात माझा फोन वाजला. "ताई, पुलाच्या पल्याड बसले, रिक्षावाल्यांच्या मागं. या."

मी गेले. म्हटलं, "मावशी, माझा नंबर तुमच्याकडे कुठून?"

"मागच्या साली घेतला नाय का? हितं काय आपली जागा हाय? आज हाय, उद्या नाय. मी सगळ्यांचेच घेऊन ठेवते."

तिनं फोन पुढे केला. नातवानं नावं भरून दिली होती. वांगणीचे मास्तर, खिमावाली वैनी, आणि मी. माझ्यापुढे लिहिलं होतं 'फोटोवाली बाय, घासाघीस करते'. तिच्याकडे असे ६० नंबर होते. मी ११,४०० माणसांची मालकीण, आणि त्यांतल्या एकालाही स्वतः होऊन फोन करू शकत नव्हते. ती पूल ओलांडून गेली तर गिऱ्हाईक तिच्यामागे पूल ओलांडून जात होतं. त्या दिवशी मी घासाघीस केली नाही. (दुसऱ्या दिवशी केली.)

घरी येऊन पुण्यात लेकीला फोन लावला. ती संगणकातली. म्हणाली, "आई, मी केव्हाची सांगतेय, स्वतःची वेबसाइट काढ. वेब कोणाच्या बापाचं नाही." १९९३ मध्ये, ३० एप्रिलला, जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेनं वेबचं तंत्र सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं म्हणे. कोणीही यावं, आपलं घर बांधावं. मला पटेना. सातबाऱ्यावर कोणाचंच नाव नाही अशी जमीन आमच्या तालुक्यात निघाली असती तर संध्याकाळपर्यंत तिथं चार मजले आणि एक गणपती मंडळ उभं राहिलं असतं.

पण बांधलं घर. हौसेला मोल नाही, म्हणून पत्ता देवनागरीत घेतला. २०१४ पासून शेवटी 'डॉट भारत' असलेला पत्ता मिळतो. वाचायला काय गोड दिसतो! फक्त ती लिंक कुठं पाठवली की तिचं अंग बदलतं आणि 'एक्सएन', मग दोन आडव्या रेघा, मग मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी रोमन अक्षरं उमटतात. मी ती नातेवाइकांच्या ग्रुपवर मोठ्या अभिमानानं टाकली. चौथ्या मिनिटाला दादरच्या काकांचा मजकूर आला: "ही लिंक कोणीही उघडू नये. बँक खाते रिकामे होते. हिचा फोन हॅक झालेला दिसतो." ग्रुपवरच्या ४७ जणांनी काकांना हात जोडले. नणंदेनं फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी केली.

पहिल्या महिन्यात माझ्या घरी १४ पाहुणे आले. त्यांतले ९ मी होते. एक लेक. उरलेले चौघे रोज शंभरदा यायचे आणि 'शेवळं कशी निवडावीत' हेच पान वाचायचे. मी भारावले. लेकीनं तपासून सांगितलं, ती माणसं नाहीत, यंत्रं आहेत. एआयला शिकवायला मजकूर गोळा करत हिंडतात. त्यांना 'येऊ नका' सांगायची सोय आहे, रोबॉट्स डॉट टीएक्सटी नावाची एक चिठ्ठी दारावर लावायची. १९९४ पासूनचा रिवाज. पाळलाच पाहिजे अशी मात्र सक्ती नाही. म्हणजे 'येथे पोस्टर लावू नये'. ही पाटी आमच्या सोसायटीच्या भिंतीवर तीन पोस्टरांच्या मधून अजून थोडी दिसते.

मी चिठ्ठी लावली नाही. म्हटलं, वाचू दे. शेवळ ही भाजी आहे हे एका यंत्राला तरी कळू दे. तिकडे त्याचा चुलतभाऊ नोकरीला असेल, त्याच्या कानावर घालेल.

मग मावशीसारखी यादी केली. वेबसाइटवर ईमेल लिहायची जागा ठेवली, आणि तिकडचं खातं उघडल्यावर तिथल्या लोकांनाही कळवलं. अर्थात पहिल्या कमेंटमध्ये, अर्थात मंगळवारी ७ वाजता. ३१ जणांनी पत्ते दिले. मी पहिलं पत्र लिहिलं, शेवळांवरच. चित्र तेच, थेंबासकट. नवरा म्हणाला, "जरा जपून, पोलीस यायचे."

सहा वर्षांत तिकडे मला लाखभर बदाम मिळाले असतील, हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, 'मस्त', 'खूप छान ताई'. पत्र पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी उत्तर आलं ते मुलुंडच्या एका निवृत्त गृहस्थांचं. चांगलं दोन परिच्छेद, नमस्कारापासून सुरू. आपण दिलेल्या कृतीनं काल शेवळांची भाजी केली. बुडाशी असलेला पिवळा भाग काढून टाकायचा, हे आपण लिहिलंत. पण शेवळांबरोबर काकडं ही रानातली आंबट फळं घालतात, निदान चिंच किंवा आमसूल तरी, म्हणजे घसा धरत नाही, ते आपण लिहिलं नाही. कालपासून आम्हा दोघांचे घसे खाजत आहेत. सौ. बोलू शकत नाही.

मी धावत जाऊन सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमसूल चघळा म्हणावं." तसं कळवलं. संध्याकाळी परत उत्तर आलं, माझ्या घशाची खाज उतरली, पण सौ.ना हा उपाय आज सांगू नका, उद्या सांगा.